डोळे मिटून घेतलेले वळण

मोटर वळणावर कलली, की तुम्ही कोणत्या बाजूला झुकता?

उत्तर द्यायची घाई करू नका. अंजनगाव सुर्जीहून अमरावतीला येणाऱ्या सर्व्हिस मोटरीत तुम्ही बसला आहात असे समजा. टपावर माल बांधला आहे, आत माणसे दाटीवाटीने बसली आहेत, मोटर पूर्णा नदीकडे उतरते आहे आणि समोर रस्ता डावीकडे वळतो. टप उजवीकडे जातो. त्याच क्षणी तुम्ही डावीकडे झुकता. शेजारचा तुमच्यावर झुकतो, त्याच्यावर त्याच्या पलीकडचा. मागून कोणी तरी ओरडते, "डावे घ्या हो, डावे!" मोटर सरळ होते, माणसे सरळ होतात आणि मघाशी अर्धवट राहिलेले सोयरिकीचे बोलणे पुढे सुरू होते.

यात काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. मी विचारतो, भाडे देऊन बसलेल्या माणसांनीच मोटर सावरून धरायची, तर मोटरीने काय करायचे?

अनुभव लिहायला माणूस म्हातारा असावा लागतो अशी आपल्याकडे समजूत आहे. मी म्हातारा नाही. पण राजापेठेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, मोटरींच्या पोटाखाली पाठीवर पडून माझे तारुण्य चालले आहे, आणि तिथून जग जसे दिसते तसे लोडाला टेकून बसलेल्याला दिसत नाही. माझे वडील छापखान्यात होते. छपाईत बिघडलेली पत्रके ते चुलीसाठी घरी आणीत. चूल पेटायच्या आधी मी ती वाचून काढी. दारूबंदी, खादी, हुंडा, मंदिरप्रवेश आणि मधूनच एखाद्या केशतेलाची जाहिरात. एवढ्या पत्रकांवर वाढल्यामुळे कोणत्याही गोष्टीचा दोन ओळींत निकाल लावून पुढे उद्गारचिन्ह ठोकायची मला खोड लागली. आमच्या कारखान्याचे मालक दादाजी मिस्त्री मला नावाने हाक मारीत नाहीत. "ए छापखाना, बाराचा पाना दे," असे म्हणतात.

आमची गिऱ्हाइके मोटरीचे दुखणे घरच्या माणसाच्या दुखण्यासारखे सांगतात. एक देशमुख म्हणाले, "हिले सकाळी खोकला राहते, दुपारून बरं वाटते." एका जिनिंगवाल्या शेटजींची तक्रार अशी, की मोटर फक्त जावई चालवतो तेव्हाच दम टाकते. दादाजींनी बॉनेट उघडलेच नाही. त्यांनी जावयाला चालवायला बसवले आणि स्वतः शेजारी बसले. जावईबापू क्लचवर ठेवलेला पाय उचलीतच नव्हते. परत आल्यावर दादाजी शेटजींना बाजूला घेऊन म्हणाले, "दुखनं जावयाच्या पायात हाय. त्याचं औषध आपल्या शेडमंधी नाही."

पण ज्या गिऱ्हाइकाने आम्हाला शहाणे केले ते अकोल्याचे, जठारपेठेत राहणारे एक वकील. त्यांच्याकडे अमेरिकन मोटर होती आणि तिच्या मागच्या बाजूला खडखड वाजत होते. मी खाली शिरलो. मागच्या ॲक्सलच्या पुढे, मोटरीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत अंगठ्याएवढी जाड एक पोलादी दांडी आडवी गेलेली होती. तिची दोन्ही टोके काटकोनात वळवून ॲक्सलला बांधली होती. जिथे ती मोटरीच्या सांगाड्याला धरली होती तिथले रबर झिजून गेले होते, म्हणून ती वाजत होती. तशी दांडी आम्ही कोणत्याच मोटरीखाली पाहिली नव्हती.

"हिचं काम काय?" वकिलांनी विचारले.

"ठाऊक नाही," दादाजी म्हणाले.

"ज्याचं काम मिस्त्रीलासुद्धा ठाऊक नाही, ते निरुपयोगी लोखंड. काढून टाका."

आम्ही दांडी काढली. खडखड थांबली. वकील खुशीत अकोल्याकडे गेले आणि त्याच आठवड्यात परत आले. खुशी उतरलेली होती. "अहो, मोटरीचा पाळणा झाला," ते म्हणाले. "आमची मंडळी मागे बसतात. मूर्तिजापूर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. स्टेशन दिसल्याबरोबर म्हणाल्या, मला इथे उतरवा, मी रेल्वेने येते!"

दांडी शेडच्या कोपऱ्यात पडलेली होती. नवे रबर घालून आम्ही ती पुन्हा बसवली. बसवण्याआधी आणि बसवल्यावर दादाजींनी मला मोटरीच्या एका बाजूच्या पायरीवर उभे राहून उड्या मारायला लावले. दांडी नसताना मोटर माझ्या बाजूला भसकन कलत होती. दांडी बसल्यावर तीच मोटर जागची फारशी हलेना. तेव्हा आम्हाला ते निरुपयोगी लोखंड समजले.

तुम्हालाही समजेल. ओली गोधडी दोघांनी दोन टोकांना धरून पिळलेली तुम्ही पाहिली आहे. दोघांनीही मनगटे एकाच दिशेने फिरवली तर गोधडी नुसती गोल फिरते, पाण्याचा थेंब पडत नाही. दोघांनी उलट दिशांनी फिरवली की पीळ बसतो आणि मनगटे भरून येतात. मोटरीची दांडी म्हणजे ती गोधडी. मागची दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तर दांडीची दोन्ही टोके एकाच दिशेने फिरतात आणि दांडी आपल्या रबरात निमूट गोल फिरते. पण वळणावर मोटरीचे एक अंग दबते आणि दुसरे उचलते. टोके उलट दिशांनी फिरू पाहतात. दांडीला पीळ बसतो. पोलाद पीळ ठेवून घेत नाही. ते सरळ व्हायला बघते आणि आपल्याबरोबर मोटरीलाही सरळ करते. सगळी विद्या एवढीच.

ती विद्या करीमभाईंसाठी उपयोगी पडेल असे तेव्हा वाटले नव्हते.

करीमभाई अंजनगावचे. मोटर एकच, तिचे मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. त्यांच्या मोटरीचा मुख्य माल म्हणजे विड्याची पाने. अंजनगावच्या पानमळ्यांतून ओल्या फडक्यांत गुंडाळलेली पाने करंड्यांत भरून अमरावतीला येतात आणि तिथून रेल्वेने दूरदूर जातात. बैलगाडीने आणली तर वाटेत ऊन लागून पिवळी पडतात. मोटरीने आणली तर हिरवीगार पोचतात. मात्र एक रीत आहे. पानाला पाय लागता कामा नये. पानमळ्यात शिरताना धनीसुद्धा चपला बाहेर काढतो. मोटरीत खाली माणसांचे पाय असतात, म्हणून करंडी खाली ठेवायची नाही. बाकावर माणसे बसतात, म्हणून तिथेही नाही. सगळा माल टपावर. पाने टवटवीत राहावीत म्हणून निघताना वरून पाणी शिंपडायचे, म्हणजे वजनात आणखी भर. मोटरीचे डोके असे जड झाल्यावर ती वळणावर कलणार नाही तर काय करील?

म्हणूनच झुकण्याची कला या मोटरीत सगळ्यात पुढे गेलेली होती. तिथली म्होरकी होती यमुनामाय. तिचा स्वतःचा पानमळा होता आणि ती प्रत्येक खेपेला मालाबरोबर यायची. वळण दिसले की तिची हाक उठे, "डावे घ्या!" किंवा "उजवे घ्या!" सगळी मोटर शेतातल्या पिकासारखी एका बाजूला लवे.

एका बाजाराच्या दिवशी तेही पुरे पडले नाही. पूर्णेकडे उतरताना एक वळण आहे, कडेला तीन चिंचा आहेत. तिथे समोरून गुरे आली, करीमभाईंनी मोटर जोरात वळवली आणि आतल्या बाजूची चाके जमिनीवरून उचलली गेली. यमुनामाय ओरडली, सगळे झुकले, मोटर धाडकन खाली आली. पण दाराशी बसलेल्या एका माणसाचा हात सापडून मोडला. तक्रार नागपूरपर्यंत गेली. हुकूम आला, की मोटर इन्स्पेक्टर स्वतः येऊन, पूर्ण भरलेल्या मोटरीत बसून, त्याच वळणावर परीक्षा घेतील. मोटर कलली तर टपावर माल न्यायला कायमची बंदी.

करीमभाई आमच्या शेडमध्ये आले तेव्हा बरोबर यमुनामाय होती. दादाजींनी पुढे केलेल्या स्टुलावर ते बसलेच नाहीत.

"उस्ताद, टप गेला तं मी गेलो," ते म्हणाले. "हे लोक पान खाली ठेवनार नाहीत. पान नाही तं माही सर्व्हिस नाही. मले दुसरं काय येते? या हातायले स्टिअरिंगशिवाय दुसरं काई धरताच येत नाही."

मी पाना खाली ठेवला. अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

"माय, एक सांग. पानाले पाय लागला तं पानाचं काय होते? रंग जाते का चव जाते?"

"पानाचं काई होत नाही," यमुनामाय म्हणाली.

"मंग?"

"माह्यं होते."

यावर कोणत्याही पत्रकात उत्तर छापलेले नव्हते. तरी मी हटलो नाही. ही अंधश्रद्धा आहे, हिच्यापायी एका माणसाचा हात मोडला, उद्या मान मोडेल, असे मी बरेच काही बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"असन बाप्पा," ती म्हणाली. "तू असं कर. मोटरीत बसनाऱ्या साऱ्यायले चपला बाहेर काढाले लाव. मंग ठेवतो आमी करंड्या खाली."

मी तत्त्वाचा माणूस. दुसऱ्याच खेपेला मी करीमभाईंच्या मोटरीपाशी जाऊन पहिल्यांदा स्वतःच्या चपला काढल्या आणि इतरांना विनंती केली. एका गृहस्थाने विचारले, "भाऊ, चपला चोरीले गेल्या तं तू देशीन का?" दुसरे म्हणाले, "पोराचं देवस्थान दिसते मोटरीत." बाकीच्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. तापलेल्या लोखंडी पायरीवर अनवाणी उभा असलेला मी एकटा उरलो. यमुनामाय खिडकीतून बघत होती. हसली नाही. नुसते म्हणाली, "घाल बापा चपला, पाय पोयतीन."

करीमभाईंचे म्हणणे होते, की मागच्या स्प्रिंगमध्ये एकेक पाटा वाढवून द्यावा. दादाजी नाही म्हणाले. पाटा वाढवला की मोटर वळणावरच नव्हे, प्रत्येक खड्ड्यावर कडक होते. टप थोडा कमी कलेल, पण अंजनगाव ते अमरावती माणसांचे मणके खिळखिळे होतील. "मले अशी चीज पाह्यजे का जे खड्ड्यावर गप राहीन अन् वळनावर बोलन," दादाजी म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. दोघांनाही वकिलांची निरुपयोगी दांडी आठवली होती.

वकिलांनीच माहिती काढली. त्यांच्या मोटरीसारखीच एक मोटर अपघातात मोडून अकोल्याच्या एका भंगारवाल्याच्या आवारात पडली होती. मी दांडी सोडवून बाहेर काढली तेव्हा भंगारवाला म्हणाला, "बाबूजी, पर्दा लगाओगे क्या इसपे?"

पण करीमभाईंची मोटर त्या मोटरीहून वेगळी. दांडी तापवून तिची टोके नव्याने वळवावी लागणार होती, आणि असे पोलाद तापवले की त्याचे पाणी उतरते. पाणी म्हणजे पीळ सोसून पुन्हा सरळ होण्याचा गुण. तो गेला की दांडी आणि गज यांत फरक नाही. लोहाराकडे दांडी वळवून झाली, पुन्हा लाल केली, आणि मग पाणी परत चढावे म्हणून त्याने ती तेलाच्या लांब चरात बुडवली. भडका उडाला, सगळी भट्टी धुराने भरली. त्यानंतर मंद आचेवर तिचा कडकपणा थोडा उतरवला, नाही तर ती काचेसारखी तडकते. टोके मात्र त्याने मुद्दाम मऊ ठेवली, कारण तिथे आम्हाला भोके पाडायची होती.

बसवण्याचे काम दिसायला सोपे असते. मोटर उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची. दांडीचा मधला भाग सांगाड्याखाली दोन पकडींत धरायचा आणि पकडींत रबर घालायचे. आम्ही ते जुन्या टायरचे कापले. टोकांना छोटे दुवे लावून ते ॲक्सलला जोडायचे. आणि शेवटचे बोल्ट? ते मोटर ठोकळ्यांवर असताना कधीच आवळायचे नाहीत. मोटर खाली घ्यायची, तिचे वजन तिच्या चाकांवर येऊ द्यायचे, मग आवळायचे. नाही तर रबराला जन्मापासून पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. हे आम्ही वकिलांच्या मोटरीवर एक रबर फाडून शिकलो होतो.

पहिली चाचणी आम्ही तिघांनीच घेतली. टपावर वाळूची पोती बांधली. करीमभाईंनी पहिले वळण घेतले आणि मोटर सरळ राहिली. ते ओरडलेच, "वा उस्ताद!" दुसऱ्या वळणावर रस्त्यावर सुटा मुरूम होता. टप सरळच राहिला, पण मोटरीचे शेपूट बाहेर फेकले गेले. करीमभाईंनी कसेबसे सावरले आणि मोटर बाभळीखाली थांबवली.

"पयले कलत होती," ते म्हणाले. "आता नाचून राहिली."

हीच खरी मेख आहे, आणि दांडी जितकी कडक तितकी चांगली असे समजणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. दांडी फार ताठ झाली की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर नको इतका भार येतो आणि ते मातीवरची पकड सोडते. दांडी बदलायला आमच्याकडे दुसरी दांडी नव्हती, दिवसही थोडे उरले होते. पण वळवलेल्या टोकांची लांबी लोहाराने सढळ ठेवली होती. लांब दांड्याच्या पान्याने घट्ट नट सहज फिरतो हे सगळ्यांना माहीत आहे. तसेच, दुवा टोकाच्या आणखी बाहेरच्या बाजूला लावला तर दांडीला पीळ द्यायला कमी जोर लागतो, म्हणजे ती नरम होते. आम्ही बाहेर नवे भोक पाडले, दुवा तिथे लावला. पुन्हा वाळू, पुन्हा मुरूम. टप किंचित कलला, तेवढा कलायलाच हवा, आणि शेपूट जागेवर राहिले. दादाजींनी टोपी काढून घाम पुसला आणि प्रथमच मला माझ्या नावाने हाक मारली.

इन्स्पेक्टरसाहेब आले तो बाजाराचा दिवस होता. सरकारी माणूस म्हटल्यावर मी त्यांच्याविषयी आधीच मत बनवून ठेवले होते. ते परदेशी टोपीत आले यावरून ते मत पक्के झाले. त्यांनी टपावर चढून करंड्यांच्या दोऱ्या स्वतः ओढून पाहिल्या, तेव्हा माझे मत थोडे ढिले झाले. साहेब करीमभाईंच्या शेजारी बसले. मी आणि दादाजी मागे, माणसांत. यमुनामाय तिच्या खिडकीशी. मोटर खच्चून भरली होती, कारण करीमभाईंसाठी कोणी घरी राहिले नव्हते.

चिंचा दिसल्या. यमुनामायने आज हाक मारायची नाही असे ठरवले होते, आणि तिने मारली नाही. पण वळण आले आणि सगळी मोटर, अगदी मीसुद्धा, डावीकडे लवली.

"थांबवा," इन्स्पेक्टर म्हणाले. ते मागे वळून बघत होते. "हे काय? सगळे डावीकडे का गेले?"

"आमी नेहमीच जातो, साहेब," एक पानमळेवाला म्हणाला. "गाडीले मदत."

"मला गाडीची परीक्षा घ्यायची आहे. तुमची नाही. मोटर मागे घ्या. पुन्हा."

मोटर मागे घेतली. ही माझी वेळ आहे असे मला वाटले. मी पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. दांडी काय करते ते सांगितले, गोधडी सांगितली, यंत्रावर विश्वास ठेवायला शिकल्याशिवाय देश पुढे जाणार नाही असेही सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने टाळीही वाजवली. मोटर निघाली, वळण आले आणि सगळे डावीकडे झुकले. टाळी वाजवणारा तर माझ्या मांडीवर पडला.

"माफ कर भाऊ," तो म्हणाला. "मनानं नाही गेलो, आंग गेलं."

इन्स्पेक्टरांनी पेन काढले. "सगळ्यांना खाली उतरवून बघता येईल का?" दादाजींनी विचारले. इन्स्पेक्टर म्हणाले, "नाही. हुकूम भरलेल्या मोटरीचा आहे. आणि मी जे पाहिलं तेवढंच मला लिहिता येईल. मोटर सरळ राहिली. पण ती दांडीनं राहिली की माणसांनी, हे मला दिसलेलं नाही. मग टपावरचा माल बंद ठेवावा लागेल."

करीमभाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. मागे वळले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

"साहेब," यमुनामाय म्हणाली, "आंग काहून जाते? वळन दिसते म्हनून जाते. डोळे मिटून बसू का आमी?"

इन्स्पेक्टरांनी पेन तसेच धरून तिच्याकडे पाहिले.

"तुमी पाहा ना मांगं येऊन, कोनाचे डोळे उघडे राहतात का. करीमचे तेवढे उघडे ठेवा," ती म्हणाली.

मोटरीत कोणी तरी फिस्सकन हसले. करीमभाईसुद्धा. इन्स्पेक्टर पुढून उतरले आणि मागे येऊन आमच्याकडे तोंड करून बसले. मोटर दुसऱ्यांदा मागे गेली, या वेळी अंमळ जास्तच, म्हणजे वळण नेमके कधी येणार याचा अंदाज कोणाला राहू नये. "मिटा," ते म्हणाले. आम्ही मिटले.

मोटरीखाली पडून मी तिचे सगळे आवाज ओळखायला शिकलो आहे, पण त्या दिवशी मला काहीच ओळखता येईना. इंजिन, करंड्यांतून ठिबकणारे पाणी, ओल्या पानांचा तिखट वास, शेजाऱ्याचा श्वास. चाकाखाली मुरूम आला तसे पहिल्या चाचणीतले शेपूट आठवले. आपण पाडलेले ते भोक, आपण आवळलेला तो बोल्ट, आणि वर सगळी अंजनगावची माणसे डोळे मिटून बसलेली. पत्रकात "जबाबदारी" हा शब्द मी शंभरदा वाचला असेल. त्याचे वजन तेव्हा पहिल्यांदा कळले. अंगाला बाजूने हलकेच कोणी तरी हात लावावा तसे झाले आणि तेवढेच राहिले. मान आखडून मी मोठ्या धक्क्याची वाट बघत होतो.

अंधारात यमुनामायचा आवाज आला. "आलं का रे वळन, करीम?"

"गेलं, माय," करीमभाई म्हणाले. "कधीचं गेलं."

आम्ही डोळे उघडले तेव्हा तीन चिंचा मागे राहिल्या होत्या. पुढे पूर्णेचे पाणी चकाकत होते. सगळे एकदम बोलू लागले. दादाजींनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की मी वळण नसताना झुकलो. इन्स्पेक्टरांनी काय लिहिले ते त्यांनी वाचून दाखवले. टपावरचा माल चालू राहील, फक्त दांडीचे रबर वेळोवेळी तपासावे. मग त्यांनी पेन खिशाला लावले आणि म्हणाले, "तुम्ही कोणी झुकत नाही ते पाहून मीसुद्धा मिटले होते हो शेवटी. लिहिण्याआधी खात्री नको?" त्यांच्याविषयी आधी बनवलेले मत मी तिथेच पूर्णेत सोडले.

करीमभाई खाली उतरून चाकापाशी उकिडवे बसले होते. काही तपासत नव्हते. नुसते टायरवर हात फिरवत होते.

यमुनामायने एक करंडी खाली घेतली, जमिनीवर न ठेवता मांडीवर घेतली, आणि तिच्यातल्या कोवळ्या पानांचे विडे करून सगळ्यांना दिले. मी पान खात नाही. पानतंबाखूच्या व्यसनावरचे एक पत्रक मी लहानपणीच पाठ केले आहे. त्या दिवशी खाल्ले, तंबाखूशिवाय. पानाला पाय लागू नये हे मला आजही पटलेले नाही, आणि यमुनामायशी माझे भांडण मिटलेले नाही. पण रीत मोडल्याशिवाय जीव वाचवता येत असेल, तर आधी जीव वाचवावा आणि भांडण पुढच्या खेपेला करावे, एवढे मला कळले.

एका गोष्टीची मात्र चुटपुट लागते. करीमभाईंच्या मोटरीत आता कोणी झुकत नाही. चिंचा कधी येतात, कधी जातात, कोणाला कळतही नाही. पूर्वी वळणापुरते का होईना, अनोळखी माणसांचे खांदे एकमेकांना लागत. गेल्या खेपेला मी त्या मोटरीने गेलो तेव्हा वळण संपल्यावर यमुनामाय आपल्याशीच हळू म्हणाली, "डावे घ्या." सवयीने.

आता तुम्ही एक काम करा. दिवाळीला गावी जाल तेव्हा मोटर स्टँडवर उभी असताना, इंजिन बंद असताना, मागे जाऊन खाली वाका. कपडे मळतील, मळू द्या. मागच्या चाकांच्या मध्ये आडवी दांडी दिसते का पाहा. दिसली तर हाताने हलवा. खडखड वाजली तर रबर गेलेले आहे, ते ड्रायव्हरला तिथेच सांगा आणि बदलून घ्यायला लावा. दांडी नसेल आणि टपावर मालाचा डोंगर असेल, तर मालकाला विचारा, काहून नाही? एकट्याने विचारू नका, शेजारच्यालाही वाकून बघायला लावा.

एवढे करून मग आत बसा. आणि पहिले वळण यायच्या आधी डोळे मिटा.